सणासुदीचा एसी

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो. हे मी लपवत नाही आणि लपवलं तरी लपणार नाही. माझ्या तोंडाचा पट्टा आजवर बऱ्याच जणांवर चालला आहे. माझा नवरा सुरेश त्यात आघाडीवर, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ते त्याने स्वतःच्या कर्माने ओढवून घेतलेलं असतं. एका बाईला मात्र मी काहीही कारण नसताना नको ते बोलले. त्या गिरिजा पोतनीस, आमच्या गिरिजाकाकू. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणून मी तीनदा वही उघडली आणि तीनदा मिटली, कारण या गोष्टीत माझी काही शोभा नाही. नसेना का.

१९९१च्या जूनमध्ये लग्न होऊन मी शारजाला आले. रोल्ला भागातल्या एका जुन्या पाचमजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमची दोन खोल्यांची जागा होती. दुसऱ्याच दिवशी उकाड्याने जीव नकोसा झाला म्हणून दुपारी आंघोळीला गेले, गार पाण्याचा नळ सोडला आणि किंचाळले. चहाला चालेल असं पाणी! तेवढ्यात न्हाणीघराच्या झरोक्यातून वरून आवाज आला, "अगं, गरमचा नळ सोड, गरमचा!"

मला वाटलं, कुणीतरी नव्या नवरीची थट्टा करतंय. मी खालूनच दोन शब्द सुनावले. पाच मिनिटांत दारावर टकटक. बाहेर पन्नाशीच्या, बुटक्या, गोऱ्या बाई उभ्या. हातात ताकाचा तांब्या.

"मी पाचव्यावरची. हे बघ, उन्हाळ्यात इथे सगळं उलटं असतं. गच्चीवरची टाकी दिवसभर तापते, म्हणून गारच्या नळाला उकळतं येतं. गीझर बंद ठेवायचा. त्याच्या पोटातलं पाणी घरात राहून निवतं. मग गरमचा नळ सोडायचा आणि खुशाल आंघोळ करायची. आता आधी ताक पी आणि मग भांड."

ताक पिऊन झाल्यावर भांडायला काही उरलं नव्हतं. त्या दिवसापासून त्या मला अगं-तुगं करायला लागल्या आणि मी त्यांना काकू म्हणायला लागले.

काकूंचे यजमान बंदरावर स्टोअरकीपर होते. १९७९ साली दोघं मिरजेहून इथे आली. मुलगी मधू, उशिरा झालेली आणि एकुलती एक. ९२ साली यजमान ऑफिसातच छातीत दुखून गेले. सगळ्यांना वाटलं, आता या गाशा गुंडाळून मिरजेला जाणार. काकूंनी मधूला मिरजेला मावशीकडे ठेवलं, आणि आपण इथेच एका नर्सरीत मुलं सांभाळायचं काम धरलं. व्हिसा नर्सरीनेच काढला. ९५ साली मधू पुण्याला डेंटलला गेली. प्रायव्हेट कॉलेज, पाच वर्षं. "तिने लोकांचे दात उपटावेत म्हणून माझे पडेपर्यंत मी इथे राहणार," असं काकू म्हणायच्या आणि स्वतःच खो-खो हसायच्या.

अडचण दरवर्षी एकच यायची. जुलै-ऑगस्ट नर्सरी बंद. नर्सरी बंद म्हणजे पगारही बंद. आणि नेमके हेच दोन महिने असे, की शारजात एसीवाचून माणूस शिजून निघतं. गावी जावं तर विमानाचं तिकीट तेव्हा दुप्पट. त्यातून काकूंची खोली अगदी गच्चीखाली. दिवसभर छत तापायचं आणि रात्रभर ते त्यांच्या डोक्यावर निवत राहायचं.

त्यांच्या खिडकीत एक जुना एसी होता. त्याला त्यांनी स्वतः शिवलेलं फुलाफुलांचं झाकण घातलेलं असायचं.

"काकू, बिघडलाय का?" मी एकदा विचारलं.

"छे, उत्तम चालतो. सणासुदीला लावते."

मला तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता. नागपंचमीला एक तास. राखीपौर्णिमेला एक तास. गोकुळाष्टमीला उपास असतो म्हणून दोन तास. गणपतीला मात्र देव घरात आहे तोवर रोज संध्याकाळी, "त्याला सवय नाही ना इथल्या हवेची." बाकीचे दिवस पंखा, ओली चादर आणि फरशी. जिन्यात भेटल्या की मी चिडवायची, "काकू, आज कुठला सण?" त्याही म्हणायच्या, "आज साधा वार आहे बाई." दोघी हसायचो आणि मी माझ्या गार घरात शिरायची. हसून घेतलं की पुढचं काही विचारावं लागत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

उन्हाळ्यात आमची इमारत रिकामी व्हायची. शाळा सुटल्या की सगळी मराठी घरं दीड-दोन महिने देशात. निघताना प्रत्येकजण आपली किल्ली पाचव्या मजल्यावर नेऊन द्यायचा. काकूंनी तुळशीला पाणी घालायचं, धूळ झटकायची, आणि मुख्य म्हणजे दोन-तीन दिवसांनी तासभर एसी लावायचा. इथली ऑगस्टची दमट हवा बंद घरात कोंडली की कपड्यांना, चपलांना, भिंतींना बुरशी धरते. काकू याचे पैसे घेत नसत. "येताना गोडा मसाला आण, मूठभर," एवढंच. आठ घरांच्या किल्ल्या एका कडीत घालून त्या कमरेला खोचायच्या आणि जिन्यातून खुळखुळत फिरायच्या. पगार नसलेल्या त्या दोन महिन्यांत त्या किल्ल्यांचा त्यांना कोण अभिमान! "आठ घरांची मालकीण आहे मी," असं त्या वॉचमन यूनुसला ऐकवायच्या.

आता ९८ सालचं सांगते. जुलैत आम्ही निघालो होतो. बॅगा जिन्यात, टॅक्सी खाली, काकू किल्ली घ्यायला दारात, आणि नेमकं त्याच वेळी माझ्या हातात लाइट बिल आलं. मी ते जिन्यातच मोठ्याने वाचलं.

"सहाशे पन्नास दिरहम! म्हणजे साडेसात हजार रुपये! सुरेश, साडेसात हजारांत माझ्या वडिलांनी दोन महिने घर चालवलं असतं. तुम्ही बापलेक फुल्ल एसी लावून वर ब्लँकेट घेऊन झोपता, लाज नाही वाटत?"

"यल्ला, चल सुजाता, फ्लाइट चुकेल," सुरेश म्हणाला.

मी डोळे पुसले. हो, बिलापायी मला रडू आलं होतं, मी अशीच आहे. आणि त्याच दमात किल्ली काकूंच्या हातात ठेवून म्हटलं, "तेवढा दोन-तीन दिवसांनी एसी लावा हं काकू." काकू माझ्याकडे बघत होत्या. "हो हो, तू जा निर्धास्त," म्हणाल्या.

सप्टेंबरमध्ये परत आलो. तुळस हिरवीगार. फरशी आरशासारखी. धुळीचा कण नाही. मी खूश होऊन कपाट उघडलं आणि कुबट वासाचा भपकारा आला. आतमध्ये माझ्या आईची गर्भरेशमी साडी होती. आई आदल्या वर्षी गेली होती आणि तिची एवढीच एक वस्तू मी मागून आणली होती. घडीघडीवर पांढरट हिरवी बुरशी. सुरेशच्या बुटांवरही तीच. तनिष, माझा सहा वर्षांचा मुलगा, बूट हातात धरून म्हणाला, "मम्मा, लुक, इट्स ग्रोइंग!"

मी साडी घेऊन तशीच बाहेर धावले. काकू जिना उतरत होत्या. आम्ही दमून आलेलो म्हणून मुगाच्या खिचडीचं पातेलं घेऊन येत होत्या. ते पातेलं मला दिसलं होतं, हे मी कबूल करते. तरी मी थांबले नाही.

"एसी लावलाच नाहीत ना तुम्ही? आलाच नसाल! शेवटच्या दोन दिवसांत तुळस भिजवली आणि केर काढला. झेपत नव्हतं तर किल्ली घेतलीत कशाला? माझ्या आईची साडी होती ही!"

दारं उघडली. माणसं जमली. काकूंनी पातेलं पायरीवर ठेवलं, साडीला हात लावला आणि म्हणाल्या, "चूक झाली गं माझी." एवढंच. मग कमरेची कडी काढून त्यातून माझी किल्ली सोडवायला लागल्या. कडी घट्ट होती. नख लावून लावून त्यांनी ती उघडली, त्याला बराच वेळ लागला, आणि आम्ही सगळे नुसते बघत उभे राहिलो.

पुढच्या आठवड्यात दोन महिन्यांचं बिल आलं. अवघे साठ दिरहम. मी ते सुरेशच्या नाकासमोर नाचवलं. "बघ! एसीला हातसुद्धा लावलेला नाही. हा पुरावा!"

"पुरावा खरा," सुरेश म्हणाला, "पण नक्की कशाचा?"

मी म्हटलं, तू गप्प बस.

माझ्या तोंडचे शब्द इमारतभर झाले. ९९च्या जूनमध्ये बाकीच्या सात घरांनीही आपल्या किल्ल्या यूनुसकडे दिल्या. कुणी काकूंना काही बोललं नाही, नुसतं किल्ली ठेवाल का असं विचारलं नाही. काकू जिन्यात भेटायच्या, हसायच्या, तनिषचा गाल ओढायच्या. कमरेला काही नसायचं. मला ते दिसायचं आणि वाईटही वाटायचं, पण साडी आठवली की वाटायचं, ठीकच झालं. माणूस आपल्याला हवं तेवढंच वाईट वाटून घेतो.

त्या वर्षी मला हमरिया फ्री झोनमध्ये नोकरी लागली. नवीन नोकरी, रजा मागायची सोय नाही. सुरेश तनिषला घेऊन पुण्याला गेला आणि ऑगस्टात मी पहिल्यांदाच एकटी शारजात राहिले. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारी माझी डाळ करपली. घरभर धूर. मी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. समोरच्या दारातून नूरजहाँ ओरडत आली. तिच्या नवऱ्याचं खाली टेलरिंगचं दुकान, आणि ही मंडळी तीन वर्षांतून एकदा हैदराबादला जायची. त्यामुळे इमारतीत उन्हाळ्यात काय चालतं, हे तिला बरोबर ठाऊक.

"खिड़की बंद करो सुजाता! पिछले साल का भूल गए क्या? गिरिजा आपा ऐसेच रोज खोल के बैठती थीं. मैं बोली फंगस लगता, सुने नहीं."

"रोज?" मी म्हटलं. "काकू रोज यायच्या?"

"रोज! दो घंटे. पोछा लगाना, अलमारी पोछना, पूरे पसीने में तर. मैं बोली, एसी चलाओ ना आपा. तो बोले, नको, सुजाता का बिल आएगा. बिल पढ़ के रो रही थी बेचारी, मैं देखी हूँ."

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. करपलेली डाळ तशीच टाकली, पर्स उचलली आणि वर निघाले.

आठ वर्षांत मी काकूंच्या खोलीत शंभरदा गेले असेन, पण ऑगस्टच्या दुपारी एकदाही नाही. दार उघडं होतं, पडदा सोडलेला. आत शिरले तर भट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखं झालं. भिंतीला हात टेकवला आणि झटकन काढला. काकू फरशीवर ओली चादर अंगावर घेऊन पडल्या होत्या. वर पंखा गरम हवा ढवळत होता. मला बघून धडपडत उठल्या आणि केस सारखे करायला लागल्या, जसं काही पाहुणी आली आहे.

"काकू, तुम्ही रोज येत होतात! सांगायचं नाही का?" मी आल्या आल्या ओरडले. माफी मागायला गेलेली बाई मी, तरी आधी ओरडले.

"काय सांगायचं? साडी तर गेलीच ना. वीस वर्षं इथे काढली, मला कळायला हवं होतं. वाटलं, मिरजेला करतो तसं दारं-खिडक्या उघडून, रोज पुसून भागेल. नाही भागलं."

"पण माझ्या बिलाची काळजी तुम्ही कशाला केलीत? दोन-तीन दिवसांनी तासभर! असं किती आलं असतं?"

"बिल हे एक झालं." काकू थोडा वेळ चादरीचं टोक पिळत बसल्या. "दुसरं सांगू? हसायचं नाही. पहिल्या दिवशी लावला होता मी. तू सांगितलं होतंस तसा, तासभर. तुझ्या सोफ्यावर बसले. अंगातलं हाडन् हाड सैल झालं बघ. आणि तास संपला तर मला उठवेचना. कशीबशी वर आले आणि लहान पोरासारखी रडले. मग चार दिवस ही खोली सोसेना. याआधी तुमच्या एसीत मी उभ्या उभ्या काम करायची, बसायची नाही कधी. त्या वर्षी दमले होते, बसले. तेव्हाच कानाला खडा लावला. मला गारव्याची सवय लागली तर मी इथे टिकायची नाही, आणि मी इथे टिकले नाही तर मधूची फी कोण भरणार? आता एकच वर्ष राहिलंय. तेवढं फरशीवर निघेल."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते मी पुसलंही नाही. मला त्यांची कीव वाटली नाही. माझी मला इतकी लाज वाटली की फरशी दुभंगून पोटात घेईल तर बरं. मी पर्समधून किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली.

"नको," काकू म्हणाल्या. "हातात असली की मोह होतो."

"मग तुम्ही माझ्याबरोबर चला. मला एकटीला घरात भीती वाटते."

"ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! तुला भीती? तुला बघून यूनुस जिना बदलतो."

"बरं, मग लावा तो एसी. बिल मी भरते."

"आज काय सण आहे? नागपंचमी सोमवारी."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. आयुष्यात एकदाच ते बरोबर जागी फिरलं असावं. "ठीक आहे. मग मीपण इथेच बसते," मी म्हटलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि फरशीवर मांडी ठोकली.

"बस की," काकू म्हणाल्या आणि हसल्या. त्यांना वाटलं, पाच मिनिटांत उठेल.

दीड वाजला होता. आम्ही मधूबद्दल बोललो. तिच्या कॉलेजच्या गप्पा, तिने पाठवलेला फोटो, तिला सांगून आलेलं एक स्थळ. दोन वाजता माझा ड्रेस पाठीला चिकटला. अडीच वाजता काकूंनी चादरीचं अर्धं टोक माझ्या अंगावर टाकलं, तेही कोमट. काकू दोनदा म्हणाल्या, "जा गं आता." मी मान हलवली. डाळ करपल्यामुळे पोटात काही नव्हतं. तीनच्या सुमाराला मी सुरेशबद्दल काहीतरी सांगत होते आणि वाक्याच्या मध्येच पुढचं काय ते सुचेना. डोळ्यांपुढे काळं व्हायला लागलं. घाम येता येता थांबला. काकूंनी माझ्या कपाळाला हात लावला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"ऊठ. ऊठ आधी! वेडी आहेस का तू? तनिषला मी काय तोंड दाखवू?"

त्या बुटक्या, साठीला आलेल्या बाईने मला खांद्याला धरून दोन मजले खाली उतरवलं. माझ्याच पर्समधून किल्ली काढून दार उघडलं, मला सोफ्यावर आडवं केलं आणि एसीचं बटण सरळ शेवटपर्यंत फिरवलं. खिडक्या धडाधड लावल्या. मीठ-साखरेचं पाणी केलं, चमच्याने माझ्या तोंडात घातलं. माझे तळवे ओल्या फडक्याने पुसत होत्या आणि तोंडाने मला शिव्या देत होत्या. इतक्या शिव्या मी सुरेशलाही कधी दिल्या नसतील. माझं बिल, त्यांचा नेम, काही काही त्यांच्या मनात आलं नाही.

मला झोप लागली. पाच वाजता जाग आली तेव्हा बरं वाटत होतं. मान वळवून बघितलं तर सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला काकू बसल्या बसल्या झोपल्या होत्या. तोंड थोडं उघडं, मांडीवर फडकं, पाय माझ्या पायांना टेकलेले. कपाळावरच्या आठ्या कुठे गेल्या होत्या कुणास ठाऊक. मला त्यांची इतकी माया आली की हलायची भीती वाटली. मी दोन तास तशीच पडून राहिले.

सात वाजता त्या दचकून उठल्या. "अगोबाई! दिवेलागण झाली. तुला बरंय ना आता? जाते मी." फडकं घडी करून ठेवलं, पदर सारखा केला, चपला घातल्या. मी उठून बसले. बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला माहीत होतं, आता मी काही बोलले की त्या हट्टाला पेटून जातीलच.

त्यांनी दार उघडलं. जिन्यातली हवा आत घुसली, मला सोफ्यावर बसल्या जागी लागली. काकूंनी एक पाय बाहेर टाकला आणि दाराची कडी धरून उभ्या राहिल्या. वर जायचे दोन मजले, मग ती खोली. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. बराच वेळ गेला. मग त्यांनी पाय आत घेतला, दार हळूच लावलं, आणि माझ्याकडे न बघता, दारालाच सांगावं तसं म्हणाल्या, "सुजाता, मला नाही गं जाववत."